मॉडेलिंगचा एजंट खरा की खोटा? पैसे आणि फोटो देण्याआधी अशी करा खात्री

रील टाकणारी पोरं-पोरी आता वाडी-वस्तीवरही आहेत. चेहरा बरा, कॅमेऱ्यासमोर बुजत नाही, शंभर-दोनशे लाइक पडतात. मग एक दिवस मेसेज येतो : "तुमचं प्रोफाइल सिलेक्ट झालं आहे. कपड्यांच्या मोठ्या ब्रँडसाठी नवीन चेहरे हवेत. अनुभवाची गरज नाही. एका दिवसाचे २५ हजार. आजच कळवा."

मेसेज आलेला प्रत्येक माणूस चोर असतो असं नाही. २०१६ च्या 'सैराट'मधली नायिका अकलूजची शाळकरी मुलगी होती, हे सगळ्यांना माहीत आहे. जाहिरातवाल्यांनाही साधे, गावाकडचे चेहरे लागतात. त्यामुळे पोरीने हा मेसेज घरात दाखवला तर लगेच "गप बस" म्हणून मोबाईल काढून घेऊ नये. असं केलं की पुढचा मेसेज ती दाखवत नाही, आणि फसवणाऱ्याला तेच हवं असतं. समोरचा एजंट खरा आहे का, हे बऱ्याच अंशी घरबसल्या मोबाईलवरच तपासता येतं. ते कसं, याची ही माहिती.

आधी हा धंदा समजून घ्या

मॉडेलिंगमध्ये पैसा कंपनीकडून येतो. साडीवाला, दागिनेवाला, साबणवाला जाहिरात काढतो. त्याला चेहरा हवा असतो. तो जाहिरात एजन्सीला सांगतो, एजन्सी कास्टिंग डायरेक्टरला सांगते. कास्टिंग डायरेक्टर कंपनीसाठी चेहरा शोधतो आणि त्याची फी निर्माता देतो. एजंट किंवा को-ऑर्डिनेटर मॉडेलच्या बाजूने असतो. तो काम मिळवून देतो आणि मिळालेल्या मानधनातून ठरलेलं कमिशन कापून घेतो.

मार्केट यार्डातला अडत्या आठवा. अडत कोणाकडूनही घ्या, पण ती माल विकला गेल्यावरच. कांदा अजून ट्रॅक्टरमध्ये असताना "आधी अडत भरा, मग लिलाव लावतो" असं कोणी म्हटलं तर शेतकरी तिथूनच ट्रॅक्टर फिरवेल. मॉडेलिंगच्या एजंटचंही तसंच. काम लागलं, पैसे आले, मग त्याचा वाटा. कामाआधी जो तुमच्याकडे पैसे मागतो, त्याची कमाई तुमच्या कामातून नाही, तुमच्याकडूनच होते. मग तुम्हाला काम मिळालं काय, नाही मिळालं काय, त्याला फरक पडत नाही.

एवढी एक गोष्ट लक्षात राहिली तरी निम्मी फसवणूक दारातच थांबते.

पैसे कसे काढून घेतात

समजा, बारावी झालेल्या एका मुलीला असा मेसेज आला. तिने फोटो पाठवले. दहा मिनिटांत "अभिनंदन, तुम्ही शॉर्टलिस्ट झालात". मग रजिस्ट्रेशनचे ९९९ रुपये. रक्कम छोटी, म्हणून घरात न विचारता भरली. दुसऱ्या दिवशी पोर्टफोलिओचे १५ हजार, "पहिल्या शूटनंतर परत मिळतील" या बोलीवर. इथे बापाने दुधाच्या पगारातून दिले. मग करारनाम्याचे साडेसहा हजार. मग हॉटेल आणि ड्रेसचं डिपॉझिट दहा हजार. एकूण साडेबत्तीस हजार गेले आणि शूटची तारीख पुढे पुढे जात राहिली. शेवटी नंबर बंद.

यात प्रत्येक वेळी मागणी आधीच्यापेक्षा वेगळ्या नावाने येते : रजिस्ट्रेशन, आर्टिस्ट कार्ड, ग्रूमिंग, विमा, जीएसटी, डिपॉझिट. आणि प्रत्येक वेळी माणूस विचार करतो, "एवढे भरलेत, आता थोड्यासाठी कशाला सोडायचं?" बोअरला पाणी लागत नाही तरी "अजून पन्नास फूट" म्हणत पैसे घालतो, तसंच होतं. गेलेला पैसा विसरून तिथेच थांबणं हाच शहाणपणा.

पोर्टफोलिओबद्दल एक खुलासा. चांगले फोटो कामाला येतात, हे खरं. पण खरी एजन्सी नव्या चेहऱ्याकडे सुरुवातीला साधेच फोटो मागते : मेकअप नाही, फिल्टर नाही, साधे अंगाबरोबरचे कपडे, समोरून, बाजूने आणि पूर्ण उंचीचा. पांढऱ्या भिंतीसमोर, दिवसाच्या उजेडात, साध्या मोबाईलवर ते निघतात. सोबत उंची, वय, मापं आणि स्वतःची ओळख सांगणारा छोटा व्हिडीओ. पुढे पोर्टफोलिओ करायचाच झाला तर फोटोग्राफर तुम्ही निवडा आणि पैसे थेट त्याला द्या. "आमच्याच स्टुडिओत काढला तरच काम" म्हणणारा फोटो विकतोय, काम देत नाही.

घरबसल्या तपासणी : सात पायऱ्या

जमीन घेताना सातबारा बघितल्याशिवाय कोणी इसार देत नाही. इथेही आधी कागद बघा.

१. पूर्ण नाव आणि पत्ता मागा. एजंटचं पूर्ण नाव, संस्थेचं नाव, ऑफिसचा पत्ता, ई-मेल लेखी घ्या. "सर अंधेरीला बसतात" हा पत्ता नाही. मुंबईत अंधेरी, ओशिवरा, वर्सोवा या भागात ऑडिशनची ऑफिसं खरंच आहेत, म्हणूनच खोटे लोकही तेच नाव सांगतात.

२. जीएसटी नंबर तपासा. जीएसटीच्या सरकारी वेबसाइटवर 'सर्च टॅक्सपेअर'मध्ये नंबर टाकला की मालकाचं किंवा कंपनीचं कायदेशीर नाव, नोंदणीची तारीख आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे फुकट दिसतं. नंबर १५ अंकी-अक्षरी असतो आणि महाराष्ट्राचा असेल तर २७ ने सुरू होतो. वर्षाला २० लाखांपेक्षा कमी उलाढाल असलेल्या छोट्या एजंटला सहसा जीएसटी लागत नाही. त्यामुळे नंबर नाही म्हणजे लबाड, असं नाही. पण जो तुमच्याकडून १८ टक्के जीएसटी मागतो आणि नंबर देत नाही, तो खोटं बोलतोय.

३. 'प्रायव्हेट लिमिटेड' असेल तर कंपनी शोधा. केंद्र सरकारच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या वेबसाइटवर कंपनीचं नाव टाकून माहिती बघता येते. प्रत्येक कंपनीला २१ अंकी-अक्षरी ओळख क्रमांक असतो. त्यातच राज्याची दोन अक्षरं आणि स्थापनेचं वर्ष असतं. "आम्ही २० वर्षांपासून या लाइनमध्ये आहोत" म्हणणाऱ्या कंपनीच्या क्रमांकात गेल्याच वर्षाचा आकडा असेल, तर काय ते समजून जा. कोणी नुसतं उद्यम प्रमाणपत्र दाखवलं तर त्यावर भाळू नका. ती नोंदणी फुकट आहे आणि अर्जदाराने स्वतः दिलेल्या माहितीवर होते.

४. इन्स्टाग्राम खातं उलगडून बघा. प्रोफाइलवरच्या तीन टिंबांमध्ये 'अबाउट धिस अकाउंट' असा पर्याय असतो. खातं कधी उघडलं, आधी किती वेळा नाव बदललं, हे तिथे कळू शकतं. कालपर्यंत शेरोशायरीचं असलेलं खातं आज मॉडेलिंग एजन्सी झालेलं असतं. निळी टिक आता महिन्याला पैसे भरूनही मिळते. फॉलोअर विकत मिळतात. या दोन्हींवर भरवसा ठेवू नका.

५. फोटो उलटे शोधा. "या आमच्या मॉडेल" म्हणून दाखवलेला फोटो गुगल लेन्समध्ये टाका. तोच फोटो परदेशातल्या एखाद्या वेबसाइटवर किंवा दुसऱ्याच एजन्सीकडे सापडला, तर विषय संपला.

६. ब्रँडला थेट विचारा. एजंट ज्या कंपनीचं नाव घेतो तिच्या स्वतःच्या वेबसाइटवरून फोन किंवा ई-मेल शोधा आणि "या नावाचा माणूस तुमच्यासाठी कास्टिंग करतोय का?" एवढंच विचारा. एजंटने दिलेल्या नंबरवर विचारून उपयोग नाही, तिथे त्याचाच माणूस बसलेला असतो. मोठ्या नावाखाली असे प्रकार किती चालतात, याचं उदाहरण म्हणजे सलमान खान फिल्म्स. आमची कंपनी सध्या कास्टिंग करत नाही, आम्ही त्यासाठी कोणाला नेमलेलं नाही, असा जाहीर खुलासा त्यांना २०२० मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये करावा लागला.

७. पैसे कोणाच्या नावावर जातात ते बघा. यूपीआयवर पैसे पाठवण्याआधी समोरच्याचं नाव दिसतं. एजन्सीचं नाव एक आणि क्यूआर कोडवर भलत्याच माणसाचं नाव, असं दिसलं की थांबा. "तुमचं मानधन पाठवतोय, क्यूआर स्कॅन करून पिन टाका" असं कोणी सांगितलं तर लगेच फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन लागतच नाही. पिन टाकला की पैसे जातात.

या सातही पायऱ्यांना मिळून एखादा दिवस लागतो. म्हणून खोटा माणूस घाई करतो : "दोनच जागा उरल्यात", "संध्याकाळी लिस्ट बंद". खऱ्या एजंटला दोन दिवस मागितले तर तो देतो.

कागद खरे, माणूस खरा असेलच असं नाही

इथे बरेच जण चुकतात. जीएसटी आहे, ऑफिस आहे, भिंतीवर नट्यांसोबतचे फोटो आहेत, म्हणजे सगळं चोख असं वाटतं. नोंदणी फक्त इतकंच सांगते की या नावाची संस्था आहे. ती प्रामाणिक आहे का, हे नोंदणी सांगत नाही. रीतसर दुकान थाटून पोर्टफोलिओचे पैसे उकळणारेही असतात. दुसऱ्याच एजन्सीचा खरा जीएसटी नंबर उचलून स्वतःचा म्हणून देणारेही असतात.

म्हणून शेवटची खात्री कामावरून करा. गेल्या वर्षभरात लावून दिलेल्या तीन कामांची नावं विचारा आणि त्या जाहिराती बघा. त्यातल्या मॉडेलना त्यांच्या स्वतःच्या खात्यावर मेसेज करून विचारा : पैसे वेळेवर मिळाले का, कमिशन किती कापलं, पुन्हा याच्याकडे काम कराल का? दोन जणांनी जरी मोकळेपणाने उत्तर दिलं, तरी प्रमाणपत्रापेक्षा ते जास्त मोलाचं.

फोटो आणि व्हिडीओ कॉल : इथे सगळ्यात जास्त सावध

गेलेले पैसे कष्ट करून पुन्हा मिळवता येतात. पाठवलेला फोटो परत येत नाही. म्हणून हे नियम घरातल्या सगळ्यांना माहीत हवेत.

अंतर्वस्त्रातले किंवा कपड्याविना फोटो "बॉडी चेक"साठी कोणी मागितले तर तिथेच बोलणं थांबवायचं. पहिल्या निवडीसाठी त्याची गरज नसते. व्हिडीओ कॉलवर कपडे बदलून दाखवायला सांगणं हे ऑडिशन नाही. असा कॉल रेकॉर्ड करून नंतर "नातेवाइकांना पाठवतो" म्हणत पैसे मागितले जातात. "कॉम्प्रोमाइज", "अ‍ॅडजस्टमेंट" हे शब्द बोलण्यात आले की त्याचा अर्थ एकच असतो. तिथून निघायचं.

ऑडिशन दिवसा, ऑफिसात किंवा स्टुडिओत होते. हॉटेलच्या खोलीत, फार्महाऊसवर किंवा रात्री उशिरा बोलावलं तर जाऊ नये. सोबत घरातलं एक माणूस असावं. "पालक आले की आर्टिस्ट मोकळा होत नाही" असं सांगणाऱ्याला पालकांचीच अडचण असते. जाताना पत्ता, एजंटचा नंबर आणि मोबाईलचं लोकेशन घरी पाठवून ठेवावं.

आधार कार्डाची प्रत सुरुवातीला द्यायची गरज नाही. पुढे लागलीच तर शेवटचे चार अंक दिसणारं मास्क केलेलं आधार डाउनलोड करून द्यावं. ओटीपी, बँकेचं पासबुक, कोरा चेक कोणालाही नाही.

परदेशातल्या शूटची ऑफर आली तर आणखी सावधपणा. पर्यटक व्हिसावर नेऊन काम करून घेणं हे बेकायदेशीर आहे, आणि तिथे पासपोर्ट काढून घेतला तर माणूस अडकतो. पासपोर्ट कोणाच्या हातात देऊ नये.

लहान मुलांसाठी कायदा वेगळा आहे

"तुमचं बाळ गोंडस आहे, बेबी मॉडेल म्हणून निवड झाली" असे मेसेज आई-बापांना येतात. मुलाचं कौतुक झालं की हात पटकन खिशात जातो. पण १४ वर्षांखालच्या मुलांच्या कामाचे नियम २०१७ पासून ठरलेले आहेत. निर्मात्याने जिथे शूटिंग आहे त्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. मुलाकडून दिवसात पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम देता येत नाही. शाळा बुडू नये ही जबाबदारी निर्मात्याची. मुलाच्या कमाईतली किमान २० टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावावर मुदत ठेवीत टाकावी लागते.

एजंटला सरळ विचारा : "जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी निर्माता काढणार का? ठेव कोणत्या बँकेत होईल?" खरं काम करणाऱ्याला हे माहीत असतं. बाकीचे विषय बदलतात.

सही करण्याआधी

करार बहुतेक इंग्रजीत असतो. समजत नसेल तर प्रत घरी आणा, शाळेतल्या सरांना किंवा तालुक्याच्या वकिलाला दाखवा. इतकं तरी बघाच :

• कमिशन किती टक्के आणि ते कधी कापणार
• करार किती वर्षांचा, दुसऱ्या एजंटकडे काम करायला बंदी आहे का
• फोटो कुठे आणि किती काळ वापरणार
• काम झाल्यावर पैसे किती दिवसांत मिळणार
• करार सोडायचा असेल तर काय, दंड आहे का

१८ वर्षांखालच्या मुलाने केलेला करार कायद्याने ग्राह्य नसतो, त्यामुळे सही पालकांच्या नजरेसमोर आणि पालकांचीच असायला हवी. कोऱ्या स्टॅम्प पेपरवर सही करू नका. "करार मोडला, ५० हजार दंड भरा, नाहीतर कोर्टाची नोटीस" अशी धमकी व्हॉट्सअ‍ॅपवर आली तर घाबरून पैसे भरू नका. नोटीस वकिलाला दाखवा. कोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवरून क्यूआर कोड पाठवून दंड गोळा करत नाही.

फसवणूक झालीच तर

पहिलं काम : १९३० वर फोन. हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय नंबर आहे. जितका लवकर फोन, तितकी पैसे वाटेतच गोठवले जाण्याची शक्यता जास्त. "उद्या बघू" म्हणू नका. फोन करताना बँकेचं नाव, रक्कम, तारीख-वेळ आणि यूपीआयचा १२ अंकी व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा. तक्रार 'सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन' या सरकारी पोर्टलवरही करता येते. आपल्या बँकेलाही लगेच कळवा.

दुसरं : काहीही डिलीट करू नका. चॅट, नंबर, प्रोफाइलची लिंक, पावत्या, कॉलची वेळ, सगळ्याचे स्क्रीनशॉट काढा. लाजेपोटी चॅट उडवलं तर पुरावाच जातो. स्क्रीनशॉट झाले की मग ब्लॉक करा.

तिसरं : पोलीस ठाण्यात जा. "हे आमच्या हद्दीत नाही" असं उत्तर मिळालं तर झिरो एफआयआरची मागणी करा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडला असला तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते. फसवणूक करून पैसे उकळण्यासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ऑनलाइन तोतयागिरीसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ड आहे. पीडित मूल १८ वर्षांखालचं असेल आणि प्रकार लैंगिक असेल तर पॉक्सो कायदा लागतो.

फोटो-व्हिडीओवरून ब्लॅकमेल होत असेल तर एक रुपयाही देऊ नका. एकदा दिले की मागणी वाढतेच. आणि घरच्यांनी एवढं करावं : पोरीला किंवा पोराला आधी जवळ बसवावं, प्रश्न नंतर विचारावेत. गुन्हा मेसेज पाठवणाऱ्याचा आहे, फसलेल्या लेकराचा नाही. घरात मार बसेल या भीतीनेच मुलं गुपचूप पैसे भरत राहतात आणि कधीकधी त्याहून वाईट पाऊल उचलतात.

शेवटचं : काही दिवसांनी "तुमचे गेलेले पैसे परत मिळवून देतो, फक्त प्रोसेसिंग फी भरा" असा फोन येऊ शकतो. तोही त्याच टोळीतला असू शकतो. पोलीस आणि बँक यासाठी फी घेत नाहीत.

नंबर मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा

सायबर आर्थिक फसवणूक : १९३०
तातडीची मदत : ११२
महिला हेल्पलाइन : १८१
चाइल्ड हेल्पलाइन : १०९८

घरात किंवा गल्लीत रील टाकणारं कोणी असेल तर ही माहिती त्यांच्यापर्यंत पोचवा. मेसेज आल्यावर करायचं ते थोडक्यात असं : पैसे नाहीत, तसले फोटो नाहीत, दोन दिवसांची मुदत मागायची आणि घरात एका मोठ्या माणसाला सांगायचं. खरं काम असेल तर ते दोन दिवसांनीही असतं.